निसर्गाचे खाते : जमा आणि नावे



या पानावर आम्ही एरवी बेणे, खताचे हप्ते आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा निराळा आहे, तो म्हणजे आपल्या लेकरांचे शिक्षण. शेतकी खात्याने शाळेच्या कामात कशाला डोकवावे, असे कोणी म्हणेल. पण आज जे पोर पाचवीत बसले आहे, तेच उद्या बापाच्या शेअरवर या कारखान्याचे सभासद होणार. जमीन आणि पाणी ते कसे वापरील, हे आज त्याच्या डोक्यात काय भरते त्यावर ठरणार आहे. तेव्हा हा विषय आमच्या खात्याच्या बाहेरचा नाही.

शाळेत तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ शिकवतात. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले आणि २००३ साली त्याची अंमलबजावणी करवून घेतली. पुस्तके चांगली आहेत, चित्रे चांगली आहेत. अन्न, वस्त्र, निवारा, औषध, इंधन हे सारे माणसाला निसर्गाकडून मिळते, असे मुले लिहितात आणि त्यांना पैकीच्या पैकी गुण पडतात. उत्तर खोटे नाही, पण आमच्या मते ते अर्धे आहे.

अर्धे कसे ते सांगतो. कारखान्यातून उसाचे बिल निघते, तेव्हा वर ढोबळ रक्कम असते. खाली सोसायटीचे कर्ज, बेणे-खताची वसुली, ठेव अशा कपाती असतात. नुसता वरचा आकडा पाहून जो लग्नाची सुपारी फोडील, तो आषाढात सावकाराच्या दारी उभा राहील. आपण सारे खालचा आकडा आधी बघतो. निसर्गाच्या बाबतीत मात्र लेकरांना वरचाच आकडा दाखवला जातो : निसर्ग देतो, झाड देते, नदी देते, गाय देते. हे देणे कोणत्या अटीवर आहे आणि आपण परत काय टाकले तर ते चालू राहते, ही नावेची बाजू वहीत येतच नाही. मग मूल असे समजते की निसर्ग म्हणजे रेशनचे दुकान, कार्ड दाखवले की माल मिळतो.

आमच्या शेंद्रा गटात हे फार लवकर जाणवते. शेंद्रा कमंगर, शेंद्राबन, कुंभेफळ, लाडगाव, करमाड ह्या पट्ट्यात वीस-पंचवीस वर्षांत जमिनीचे रूप पालटले. औद्योगिक वसाहत झाली, मोटारींचे कारखाने आले, पुढे ऑरिकचे रुंद रस्ते आले. ज्या वावरात आजोबांनी बाजरी-तूर केली, तिथे आज कंपनीची भिंत आहे. नातू शाळेच्या गाडीतून त्या भिंतीकडेने जातो. आम्ही ह्याला वाईट म्हणत नाही. घरात पगार आला, दवाखाना जवळ आला, पोरीबाळी शिकल्या. पण दूध पिशवीतून, पाणी नळातून आणि धान्य दुकानातून येऊ लागले, तसा त्या लेकराचा आणि मातीचा मधला दुवा तुटला. पूर्वी शाळेने नाही शिकवले तरी वावर शिकवत होते. नांगर बाभळीचा, दोर अंबाडीचा, पत्रावळ पळसाची, माठ नदीकाठच्या मातीचा. वस्तू हातात आली की ती कशापासून झाली हे विचारावे लागत नसे. आता ते मुद्दाम सांगावे लागणार आहे.

आता नळाचेच उदाहरण घ्या. शेंद्र्याच्या वसाहतीला आणि छत्रपती संभाजीनगर शहराला पाणी येते ते पैठणच्या नाथसागरातून. ह्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. धरणात पाणी येते ते बहुतांशी वरून, नाशिक-नगरकडच्या डोंगरांतून. म्हणजे आपल्या लेकराने तोटी सोडली की जे पाणी पडते, ते कधीतरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीकडे ढगातून उतरलेले असते. गोदावरीने ते पैठणला आणले आणि तिथून वीज जाळून ते चढावर आपल्याकडे आले. वरच्या धरणांतून खाली किती सोडायचे ह्यावर दर कमी पावसाच्या वर्षी भांडण होते, कोर्टापर्यंत जाते. एवढा सगळा भूगोल, इतिहास आणि कायदा एका तोटीत आहे. मास्तरांनी हा धडा एकदा नकाशा पसरून सांगितला, तर ते पोर जन्मात तोटी उघडी सोडणार नाही.

दुसरा धडा शहरातच आहे, एस.टी.ने जाऊन यावे एवढ्या अंतरावर. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी गाव वसवले, तेव्हा डोंगरात झिरपणारे पाणी जमिनीखालून नहरीने शहरात आणले. पुढे अठराव्या शतकात तशाच एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरली आणि दर्ग्यातल्या लोकांसाठी पीठ दळले गेले. ना बैल, ना डिझेल, ना वीज. वरून खाली येण्याचा जो पाण्याचा स्वभाव, तेवढ्यावर काम झाले. सहली तिथे जातात, मुले हौद पाहतात, भेळ खातात आणि परत येतात. त्यांना एवढेच विचारावे की बाबांनो, हे पाणी कुठून आले? त्या डोंगरावर झाड राहिले नाही, पाणी मुरले नाही, नहरीवर घरे बांधली, तर चक्की फिरेल का? ह्यात जमा आणि नावे दोन्ही आले.

आता आपल्या उसाकडे वळू. लेकराला कोणी विचारले की साखर कुठे तयार होते, तर ते म्हणेल कारखान्यात. आपल्यापैकी बरेच मोठे लोकही हेच सांगतील. खरे पाहता साखर तयार होते उसाच्या हिरव्या पानात. पान हवेतला कर्बवायू घेते, मुळांनी चढवलेले पाणी घेते, उन्हाच्या जोरावर दोहोंची साखर करते आणि कांड्यात साठवते. कारखाना ती फक्त वेगळी काढतो. टनभर उसात सातशे किलोच्या आसपास पाणीच असते, साखर निघते शंभर-एकशे दहा किलो. चोथा म्हणजे बगॅस, तो बॉयलरमध्ये जातो आणि त्याच्या वाफेवर कारखाना चालतो. म्हणजे धुराड्यातून दिसतो तो धूरसुद्धा मागल्या वर्षीच्या उन्हाचाच. ही गोष्ट आम्ही शाळकरी मुलांना सांगितली की ती तोंड उघडे ठेवून ऐकतात. निसर्ग माणसाला काय देतो ह्याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

आता नावेची बाजू. साखरेचा दाणा कर्ब आणि पाण्याचे घटक ह्यांचाच झालेला असतो. त्यात नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. म्हणजे नुसती साखर विकली तर जमिनीचे काहीच जात नाही. जाते ते पाला, वाढे आणि चोथा ह्यांच्यातून. हे जर जमिनीत परत गेले तर जमीन वर्षानुवर्षे देत राहील. मळी परत न्या, राख परत न्या, पाचट जागेवर ठेवा, हे आम्ही गटागटात ओरडून सांगतो ते ह्याचसाठी. एका एकरात तीन ते चार टन पाचट पडते. काडी ओढली की अर्ध्या तासात ते संपते. त्यातला नत्र हवेत जातो, सेंद्रिय कर्ब हवेत जातो आणि वरच्या थरातले जीवजंतू भाजून निघतात. बांधावर उभे राहून पोर हे सारे पाहत असते. सकाळी शाळेत त्याने लिहिलेले असते की माती हा निसर्गाचा अमोल ठेवा आहे. संध्याकाळी बाप त्या ठेव्याला काडी लावतो. लेकरू ह्या दोहोंतले कोणते शिकेल, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

आणि ही माती काय सहज आलेली आहे? वेरूळचे कैलास लेणे ज्या काळ्या कातळात कोरले, देवगिरीचा किल्ला ज्या कातळावर उभा आहे, त्याच कातळाची ही माती. साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास पृथ्वीच्या पोटातून लाव्हा आला, थर बसले, मग ऊन, पाऊस, मुळ्या आणि किडे ह्यांनी ते झिजवून त्याची माती केली. इंचभर थर बनायला शेकडो वर्षे जातात आणि एका वळवाच्या पावसात बांध फुटला की तोच थर ओढ्याला लागतो. हा हिशोब मुलांना शिकवायला प्रयोगशाळा नको. विहिरीच्या काठावर न्या आणि वाकून, अर्थात हात धरून, आत पाहू द्या. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कठीण काळा खडक. पाणी राहते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्याखाली समुद्र नाही. पाचशे-सातशे फूट बोअर मारून धुरळाच निघाला, असे आपल्या गटात कितीजणांच्या वाट्याला आले ते सर्वांना माहीत आहे. भूगर्भातील पाणी म्हणजे टाकीत साठलेले पाणी, आणि टाकी भरते ती फक्त पावसाने, हे ज्या पोराने एकदा डोळ्यांनी पाहिले ते विसरणार नाही.

किड्यांचा धडाही असाच. पुस्तकात कीड म्हणजे शत्रू. २००२ साली महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला तेव्हाची धावपळ जुन्या सभासदांना आठवत असेल. पाने पांढरी पडली, उंच उसात फवारणी करता येईना. शेवटी तो आटोक्यात आला तो बराचसा डिफा आणि मायक्रोमस ह्या मित्रकीटकांमुळे. कारखान्यांनी, कृषी विद्यापीठांनी ते वाढवून शेतात सोडले. बिनपगारी राखणदार होते ते. मोसंबीच्या बागेत, कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये मधमाश्या जे काम करतात तेही बिनपगारीच. पण त्यांची अट आहे : बांधावर चार झाडे, फुले आणि थोडा फवारणीविना मोकळा काळ. निसर्गाच्या नोकरांना पगार लागत नाही, पण राहायला जागा लागते, एवढे वाक्य मुलांच्या वहीत आले तरी पुष्कळ झाले.

ह्यात आम्ही काही नवे सांगतो आहोत असे नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे अशी मागणी होती. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम मांडली, तिचा गाभा हाच की हाताने काम करता करता मुलाने शिकावे. आणि त्यातले आम्हाला सर्वांत जवळचे वाटते ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांचे काम. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालशिक्षण सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासींची मुले गुरे राखायला जातात, म्हणून शाळेत येत नाहीत. तर ह्या बायांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. पाने, बिया, शिंपले, दगड हीच शिकण्याची साधने. शाळा कुरणात जाऊ शकते, तर उसाच्या फडात का येऊ शकत नाही?

आपल्या घरच्या चालीरीतीतही हे शिक्षण होते. घटस्थापनेला आजी वावरातली माती आणून त्यात धान्य पेरते. नऊ दिवसांत कोणते बी कसे उगवले ते घरातील सारे पाहतात. आम्ही कृषी पदविकेत जी उगवणशक्तीची चाचणी शिकलो, ती ह्याहून फार वेगळी नव्हती. पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लागते, कारण वर्षभराच्या त्याच्या कामाचे देणे आहे. म्हणजे जमा आणि नावे दोन्ही सणात होते. आता घट तेवढा उरला आहे आणि माती मूर्तीच्या दुकानातून पुडीने येते. आजीला विचारून तो धडा पुन्हा सुरू करायला खर्च येत नाही.

आता अडचणीच्या गोष्टीकडे येतो. ती टाळून हा लेख लिहिला असता तर तो आम्हालाच पटला नसता.

मुलांना हिशोब शिकवला की ती हिशोब मांडणार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. आपल्याकडे वर्षाला साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे एकरावर अठ्ठावीस लाख लिटर. पाटाने पाणी दिले तर सुरू उसाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाणी लागते, आडसालीला त्याहून जास्त. अडीच हजार मिलिमीटर म्हणजे एकरी एक कोटी लिटर. सातवीतले पोर हे गणित पाच मिनिटांत करील. सरकारी जलजीवन योजनेत खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. त्या हिशोबाने एका एकराचे पाणी म्हणजे पाचशे माणसांचे वर्षभराचे पाणी. मग ते पोर रात्री जेवताना विचारील, “बाबा, आपल्या फडाला एवढं पाणी लागतं, अन् गावाला उन्हाळ्यात टँकर येतो, असं का?”

ह्या प्रश्नावर त्याच्या पाठीत धपाटा घालू नका, एवढीच आमची हात जोडून विनंती आहे. प्रश्न बरोबर आहे. आमचे काम उसाची नोंद वाढवण्याचे आहे आणि आम्हीच हे लिहितो, ह्याचे कोणाला नवल वाटेल. पण १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांनी पाहिला, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेल्याचे आपण सर्वांनी पाहिले. त्या दुष्काळानंतरच्या हंगामात मराठवाड्यातील कितीतरी कारखान्यांची धुराडी पेटलीच नाहीत. पाण्याचे खाते तुटीत गेले की ऊसही नाही, कारखानाही नाही आणि आमची नोकरीही नाही. तेव्हा तो प्रश्न उसाच्या विरुद्ध नाही. ऊस टिकावा असे ज्याला वाटते त्याने तो आधी विचारावा.

आणि त्याचे उत्तर तोंडाने देऊ नका, फडात द्या. ठिबक बसवले तर चाळीस ते पन्नास टक्के पाणी वाचते. पाचट ठेवले तर दोन पाळ्यांमधले अंतर वाढते. विहिरीत पोळ्याच्या सुमारास जेवढे पाणी दिसते तेवढाच ऊस ठेवावा, बाकीच्या रानात तूर, हरभरा, ज्वारी करावी. ठिबक करूनही पन्नास-साठ लाख लिटर लागतेच आणि पाऊस अठ्ठावीस लाखच देतो, ही गोष्ट लेकरापासून लपवू नका. राहिलेले पाणी शेजारच्या रानात मुरलेले आहे, कोणाच्या तरी वाट्याचे आहे, हेही त्याला कळू द्या. जालना जिल्ह्यात कडवंची गाव आहे. तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली, पाणी मुरवले, शेततळी केली आणि त्या जोरावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. आधी मुरवले, मग उपसले. मुलांची सहल औरंगजेबाच्या कबरीपाशी जाते तशी कडवंचीलाही न्यावी.

आम्ही हे बोललो की दोन हरकती हमखास निघतात. पहिली अशी : “साहेब, आम्ही पोरांना शिकवतो तेच मुळी शेतीतून सुटावं म्हणून. तुम्ही परत त्यांना चिखलात नेता?” ह्या म्हणण्यामागे किती वर्षांचा ताप आहे, हे आम्ही जाणतो. भाव, वीज, पाऊस ह्यांनी पिचलेल्या माणसाने असे म्हणावे ह्यात चूक काही नाही. पण नोकरी शेंद्र्याच्या कंपनीत लागली म्हणून निसर्गाची गरज संपत नाही. कंपनीला पाणी नाथसागराचेच लागते, कँटीनमध्ये भाकरी ज्वारीचीच असते, आणि चिकलठाण्याच्या बाजूने वाहणारी सुखना नदी काळी झाली तर तिचा वास सुपरवायझरच्या बंगल्यातही येतो. उलट जो पोरगा उद्या कारखान्यात इंजिनीयर होणार, त्याला सांडपाणी कुठे जाते हे लहानपणीच कळलेले असले पाहिजे. शेती सोडणाऱ्याला हा धडा जास्त लागतो, कारण त्याला तो पुढे कोणी शिकवणार नाही.

दुसरी हरकत गुरुजींची असते. अभ्यासक्रम मोठा, कामे ढीगभर, वेळ कुठून आणायचा? हे खरे आहे, आणि म्हणूनच आम्ही नवा विषय मागत नाही. जे पुस्तकात आहे तेच वावरात उभे राहून शिकवावे, आणि वावर आपण सभासदांनी द्यावे, एवढेच आमचे म्हणणे. शाळेच्या परसबागेत मेथी-पालक लावतात तेव्हा मुलांना त्यात किती रस असतो, हे गुरुजींना आम्ही सांगायला नको.

नुसते मत देऊन थांबणे आमच्या खात्याला शोभत नाही, म्हणून चार कामे सुचवतो.

पहिले, प्रत्येक शाळेच्या अंगणात पाऊस मोजावा. सरळ कडांचा डबा आणि पट्टी एवढे पुरते. रोजचा आकडा मुलांनी भिंतीवर लिहावा. एक मिलिमीटरला एकरी चार हजार लिटर, हे गणित त्यांनी स्वतः सोडवावे.

दुसरे, गावातली एक विहीर शाळेला द्यावी. द्यावी म्हणजे मोजायला. दर अमावस्येला गाठी मारलेली दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते गुरुजींच्या देखत मोजावे आणि त्याच भिंतीवर लिहावे. विहिरीला कठडा असलाच पाहिजे, ही अट आमची. वर्षभरात पावसाची ओळ आणि विहिरीची ओळ शेजारी-शेजारी आली की भाषण करावे लागणार नाही. ती भिंत गावातल्या मोठ्यांनीही येता-जाता वाचावी.

तिसरे, खोडव्याच्या रानात दोन वाफे. एकात पाचट ठेवलेले, दुसऱ्यात पाचट काढून टाकलेले. महिन्याने मुलांनी दोन्हीकडे हात घालून ओल पाहावी, गांडुळे मोजावीत. सभासदाचे दोन गुंठे अडकतील, आणि त्याचेच रान सुधारेल.

चौथे, गळीत हंगामात कारखान्याची फेरी. ती मिरवण्यासाठी नसावी. प्रत्येक मुलाने एकच वस्तू धरावी : पाणी, चोथा, मळी, मळीपासूनचे खत, राख किंवा साखर. ती कुठून आली आणि इथून कुठे जाते, हे विचारत शेवटपर्यंत जावे. सांडपाण्याच्या टाकीपाशीही जावे. तिथे आपल्याला लाज वाटण्यासारखे काही असेल, तर ते मुले येण्याआधी दुरुस्त करण्याची निकड आपोआप लागेल. ह्याच फेरीत तळावरच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांनाही बरोबर घ्यावे. वाढे कुठल्या जनावराला किती लागते, कोणत्या कांड्याला रस जास्त, पाल कुठे उभारली तर वारा लागत नाही, हे त्या लेकरांना आपल्या पोरांपेक्षा जास्त कळते. एक दिवस त्यांनी शिकवावे आणि आपल्यांनी ऐकावे.

ह्या कामांसाठी गट ऑफिसातले आमचे कर्मचारी महिन्यातून एक दिवस द्यायला तयार आहेत. संचालक मंडळाने ह्याचा विचार करावा, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत साखरेच्या भावावर जेवढा वेळ बोलणे होते, त्यातली पाच मिनिटे ह्या विषयाला मिळावीत, अशी आमची सूचना आहे. ज्या सभासदाला आपली विहीर किंवा दोन वाफे द्यायचे आहेत, त्याने आडसालीची नोंद करायला येताना सांगावे. वेगळा अर्ज नको.

शेवटी एवढेच. आपण लेकरांच्या नावावर जमीन करतो, शेअर करतो, ठेव ठेवतो. त्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, पण विहिरीत पाणी किती ह्याची नसते. ते ज्याचे त्याने मोजायचे असते. मोजायला शिकवले, तर आपण ठेवलेले त्यांना पुरेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते